ललितानं घेतलेली सर्जरीची सीट

डॉ. ललितानं मला फसवलं होतं.
काल ती गेली, म्हणून ते मी पुसून टाकणार नाही.

ती हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या तांड्यातली, मी डोंगरकड्याची. एमबीबीएसची सगळी वर्षं एका रूममध्ये काढली. दोघींनाही सर्जनच व्हायचं होतं.

पीजीला माझा रँक तिच्याहून थोडा वर. आमच्या आवाक्यात सर्जरीची एकच सीट.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "तिथं नको भरू. तिथले सर पोरींना ऑपरेशन करू देत न्हाईत. मी बी भरून न्हाई राहिले."

मी विश्वास ठेवला. अ‍ॅनेस्थेशिया भरलं.

लिस्ट लागली. त्या सीटवर ललिताचं नाव.

"काहून केलंस?"
"मला पाहिजे होती."
बस्स, एवढंच.

तीन वर्षं बोललो नाही. मग हिंगोलीत एकाच हॉस्पिटलात लागलो. ती ऑपरेशन करायची, मी भूल द्यायचे. हात मात्र फार सफाईदार होता तिचा.

रविवारी ती कुणाची नसायची. स्कूटी काढून थेट तांड्यावर, पोरींना कबड्डी शिकवायला. सोमवारी खरचटलेल्या कोपरांनी राउंडला हजर.

मागच्या महिन्यात टाके घालता घालता म्हणाली, "तू पेशंटच्या डोक्याशी असलीस की मला भ्याव वाटत न्हाई."
मी म्हणाले, "मला तुझ्या जागी उभं राहायचं होतं."
"म्हाईत हाय."
माफी नाही मागितली.

काल दुपारी तांड्यावरून येताना टेम्पोनं उडवलं. पोटात रक्तस्राव. शुद्धीवर होती.

आमच्याकडे सर्जन एकच, ती स्वतः. गावातले दुसरे बाहेरगावी.

"कोण येऊन राहिलं?" तिनं विचारलं.
"नांदेडहून सर निघालेत."

तिला अंतर माहीत होतं. माझा हात धरला.
"ती सीट तुलाच भेटायला पाहिजे होती गं."

मी श्वासाची नळी घातली. रक्त चढवलं. जे येत होतं ते सगळं केलं. पोट उघडून रक्त थांबवणं मला येत नव्हतं.

सर पोचले तेव्हा तिला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

ललिता, इतकी वर्षं गप्प बसलीस. बोललीस तेव्हा मला भांडायलाही वेळ ठेवला नाहीस.

माफ केलं असं लोकांना दाखवायला लिहिणार नाही. अजून चिडलेय मी तुझ्यावर.
आणि कालपासून रडून राहिलेय.

जा बाई.
माझ्या रागासकट ही श्रद्धांजली घे.