वाऱ्यालासुद्धा जागा नाही

आमच्या आबांना रिकामी जागा बघवत नसे. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं उभं आयुष्य पुण्यात एका औषध कंपनीच्या गोदामात गेलं होतं. निवृत्तीनंतर गोदाम सुटलं, पण भरायची सवय काही सुटली नाही. आमच्या लग्नात त्यांनी दिलेला कुकर आम्ही पहिल्यांदा उघडला तेव्हा आत तूरडाळ निघाली, डाळीत लाडवांचा डबा निघाला, आणि लाडवांच्या मधल्या फटींत लवंगा. मी बघतच राहिलो. माझ्या बायकोला, मुक्ताला, मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. तिच्या कंपासपेटीतसुद्धा म्हणे आबा शेंगदाणे कोंबून द्यायचे.

सोसायटीतल्या कुणाचं पोर परदेशी निघालं की आदल्या दिवशी आबांना बोलावणं जायचं. आबा बॅगेपुढे मांडी घालून बसत. मग जड सामान तळाला, बुटांच्या पोटात चिवड्याची पाकिटं, कपाच्या पोटात हिंगाची डबी, आणि कडेकडेने मोजे. बॅग बंद झाली की एका हाताने उचलून ते जाहीर करत, "तेवीस किलो. वाऱ्यालासुद्धा जागा नाही." विमानतळावर काटा तेवीसच दाखवायचा. मी एकदा दोन शर्ट आणि एक लॅपटॉप घेऊन निघालो होतो, तर माझ्या बॅगेकडे बघून त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "जावईबापू, जागेचं भाडं देता आणि हवा घेऊन जाता?"

असे हे आबा करोनाच्या वर्षी फेब्रुवारीअखेर एकटेच आमच्याकडे नेदरलँड्सला आले. बेत अगदी साधा होता. आम्ही बाडहूव्हडॉर्प नावाच्या गावात एक जुनं घर घेतलं होतं आणि मुक्ताला सातवा महिना चालू होता. आबांनी पुढे येऊन घराच्या कामाकडे बघायचं आणि सासूबाईंनी एप्रिलमध्ये बाळंतपणाला यायचं. पण मार्चमध्ये विमानं बंद झाली, सासूबाई पुण्यात अडकल्या आणि आबा आमच्यात. बाळंतपणाला आई नाही, आणि समोर उभे कोण तर गोदामप्रमुख. मुक्ता ढसाढसा रडली. आबांना रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कधीच कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "घर वेळेवर तयार करून देतो. ते माझ्याकडं लागलं."

आणि ते तयार होणं फार गरजेचं होतं. आम्ही राहत होतो तो झुइडओस्ट भागातला भाड्याचा फ्लॅट एप्रिलअखेर सोडायचा होता, तिथे पुढचा भाडेकरूही ठरला होता. बाळ मेच्या सुरुवातीला येणार. घर झालं नाही तर बाळाला घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न आम्ही दोघंही मोठ्याने विचारत नव्हतो.

घर होतं एका डच आजीबाईंचं. प्रत्येक खोलीत एकावर एक गालिचे, भिंतीवर तसेच एकावर एक वॉलपेपर, आणि न्हाणीघरात भलामोठा टब. हे सगळं काढून टाकायला कंटेनर भाड्याने घ्यावा लागतो. खेमेन्तेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी काढली की ट्रक येऊन तो दाराशी ठेवून जातो आणि भरला की उचलून नेतो. त्या दिवसांत अख्खा देश घरात कोंडला गेल्यामुळे घरंच पाडत सुटला होता, त्यामुळे कंटेनर मिळणं म्हणजे दिव्य. आम्हाला दोन मिळाले: आधी लाकूडफाटा, गालिचे, फर्निचर यांच्यासाठी एक, आणि तो गेला की त्याच जागी फुटक्या फरशा आणि विटांसाठी दुसरा. एकात दुसऱ्याचा माल चालत नाही. हे मी आबांना नीट समजावून सांगितलं. ते "हो हो" म्हणाले.

पहिला कंटेनर आला तेव्हा आबा सासूबाईंनी विणलेला मरून स्वेटर आणि वर मफलर अशा थाटात बाहेर गेले आणि त्याला एक प्रदक्षिणा घालून आले. मी त्याच घराच्या स्वयंपाकघरात उलट्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून मीटिंगांत अडकलो होतो. कामगारांनी पहिल्याच फेरीत टब नेऊन कंटेनरमध्ये ठेवला. इकडे अंगणात फुटक्या फरशांची पोती दुसऱ्या कंटेनरची वाट बघत होती, तिकडे टब आ वासून रिकामा. आबांच्या जिवाची काय तगमग झाली असेल ते मी समजू शकतो. त्यात जड सामान तळाला हा तर त्यांचा धर्म. त्यांनी बादलीबादलीने तो टब फरशांनी भरला. मग टबाभोवतीच्या फटींत विटा, त्यावर गालिच्यांच्या वळकट्या, कपाटं, कपाटांचे ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये वॉलपेपर. दोन दिवसांनी मी जाऊन पाहिलं तर काठाच्या बरोबरीने सपाट, देखणा माल. मी आबांची पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली.

ठरल्या दिवशी सकाळी ट्रक आला. ट्रकच्या पाठीवरच्या लोखंडी हाताने कंटेनरला आकडा लावला, ओढलं, आणि कंटेनर जागचा हलायच्या ऐवजी ट्रकचीच पुढची चाकं जमिनीवरून उठली. ड्रायव्हर आत बसलेला. समोरच्या घरांच्या खिडक्यांत एकेक डोकं आलं. ट्रक धाडकन खाली टेकला, ड्रायव्हर उतरला आणि त्याने शांतपणे मला विचारलं, आत काय आहे. मी आबांकडे पाहिलं. आबांना वाटलं, कौतुक चाललंय. "सांगा त्यांना, वाऱ्यालासुद्धा जागा नाही."

ड्रायव्हरने गालिचा उचकटून बघितलं आणि फरशा दिसल्यावर मान हलवली. दुपारी परत येतो, म्हणाला. तोवर फरशा बाहेर निघाल्या तर नेतो, नाहीतर पुढची फेरी तीन आठवड्यांनी. माझी पाचावर धारण बसली. तीन आठवडे कंटेनर दारात म्हणजे दुसरा येणार नाही, न्हाणीघराचं काम ठप्प, आणि मग बाळाला ठेवायचं ते या पोत्यांवर का? मी आबांवर ओरडणार होतो, तेवढ्यात फ्लॅटवरून मुक्ताचा फोन आला. तिला कळलं तर ती पुन्हा रडेल म्हणून मी सगळं छान चाललंय असं सांगितलं. आबा ऐकत होते. त्यांनी मफलर काढून कमरेला बांधला.

आता गंमत अशी की तो माल आबांशिवाय कुणाला काढताच येत नव्हता. मी एक खुर्ची ओढली तर हलेना, कारण तिच्या पायात टेबल आणि टेबलात गालिचा. तेवढ्यात शेजारची विल्मा बागकामाचे हातमोजे घालून आली. घर घेतल्यापासून तिने आम्हाला बघून फक्त मान डोलावली होती. मग समोरचे दोघं आले, मग कोपऱ्यावरचे. सगळे दीड-दीड मीटर लांब उभे. आबा कंटेनरच्या कडेला स्टुलावर चढले आणि थेट मराठीत हुकूम सोडू लागले. "आधी तो ड्रॉवर. तो नव्हे, डावा. सावकाश, बाई." आणि शप्पथ सांगतो, विल्माने डावाच ड्रॉवर काढला. अख्ख्या गल्लीने त्या माणसाचं मराठीतून ऐकलं. निघालेल्या खुर्च्यांतल्या काही लोकांनी विचारून घरी नेल्या. आबांनी प्रत्येक खुर्चीवर जाताना काही ना काही ठेवून दिलं. रिकामी कशी जाऊ द्यायची?

दुपारी ड्रायव्हर आला तेव्हा फरशा-विटा अंगणात आणि बाकीचा माल परत आत लागलेला होता. ट्रकची चाकं जमिनीवर राहिली आणि माझा जीव भांड्यात पडला. आबा मात्र कंटेनर वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत होते. म्हणाले, "अर्धा तर नुसती हवा घेऊन गेला."

घर वेळेवर झालं. मेमध्ये रमा जन्मली. पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर सांगायच्या आणि इकडे आबा अळिवाची खीर ढवळायचे. वाटी अर्थातच काठोकाठ. बाळबाळंतिणीला बघायला रोज एक नर्स घरी येई. तिने पाळण्यावर हात फिरवून सांगितलं की खिडकीखालच्या फळीमागून गार वारा येतोय, बाळाला बरं नाही. सुतार मिळेना. आबा म्हणाले, बघतो मी. दुसऱ्या दिवशी वारा बंद. काय केलंत विचारलं तर म्हणाले, "जागा होती, भरली."

जुलैत खास विमानाने ते परत गेले. विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली आणि मी आकडा दोनदा बघितला, कारण ती निम्मीसुद्धा भरत नव्हती. "म्हातारपणी ओझं कशाला," म्हणाले. पुढे कित्येक दिवस फोनवर मागून सासूबाईंचा आवाज यायचा: हाताने विणलेला स्वेटर विमानात विसरून आले, एवढं कसं ध्यान नाही या माणसाला. आबा निमूट ऐकून घ्यायचे.

पुढच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आबा गेले. आम्ही जाऊ शकलो नाही. मुक्ताने सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं, आणि तिच्या शेजारी बसून काय बोलावं ते मलाही कळलं नाही.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सासूबाई आल्या. खिडकीची चौकट फुगली होती म्हणून एका सुताराला बोलावलं होतं. त्याने खिडकीखालची फळी काढली आणि आतून एकेक वस्तू ओढू लागला. मफलर, लोकरीचे मोजे, मोज्यांत कोंबलेल्या चिंध्या, आणि सगळ्यांच्या मागे घट्ट घडी केलेला मरून स्वेटर. तो ते पिशवीत टाकणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्या हातातून स्वेटर काढून घेतला.

"मला म्हणाले, विमानात विसरलो," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत बोलत राहिले मी त्यांना."

त्या स्वेटर तोंडाशी धरून खूप रडल्या. मुक्ताही रडली, आणि खोटं कशाला सांगू, मीही. सुतार बिचारा हातात फोमची गुंडाळी घेऊन उभा होता. मला वाटलं, आता स्वेटर सासूबाईंच्या बॅगेत जाणार. पण त्यांनी डोळे पुसले, जमिनीवर बसून पहिल्यासारखी घडी घातली आणि स्वेटर त्या फटीत आत सारला. मागोमाग मोजे, मग मफलर.

"आई, त्याच्याकडे चांगला फोम आहे," मुक्ता म्हणाली.

"असू दे," त्या म्हणाल्या आणि कडेने बोट फिरवून बघितलं. कुठे जागा राहिली नव्हती.

सुताराने फोम पेटीत ठेवला आणि फळी लावली.