जिजीने फावडा पूजला तो दसरा

जिजीला जाऊन बेचाळीस दिवस झाले. नातसून म्हणाली, आजी, तुम्ही लिहा, मन हलकं होईल. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला कुठे लिहिता येतं. पण तिने मोबाइलमध्ये मराठी टाकून दिली आहे तर जसं तोंडाने बोलते तसंच बोटाने दाबते आहे. चुकलं तर चुकलं.

जिजी मतलब माझी मोठी बहीण सुलोचना. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तेराव्याला सगळे म्हणाले की स्वभावाने शांत होती. शांत होती ते बरोबर, पण ती काय होती ते आमच्या आंगणाची गोष्ट सांगितल्याशिवाय समजायचं नाही, आणि ती गोष्ट माहीत असलेली आता मी एकटीच उरले.

आमचं घर खासगी बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, मागे मोठं आंगण, आणि आंगणात दगडी फरश्यांचं छप्पर टाकलेली पाटोर, तिच्यात घोड्याचा चारा. आबा, मतलब आमचे वडील मानसिंगराव, रियासतीच्या रिसाल्यात, घोडदळात, दफेदार होते. नव्या घोड्यांना चाल शिकवायचे. म्हणून एक घोडी आमच्याच घरी बांधलेली असायची, आजोबांच्या, पणजोबांच्या वेळेपासून तसंच चालत आलेलं. शेवटची घोडी लाखी. तिचं ठाण आंगणाच्या मधोमध, तिथे मेख ठोकलेली. जमीन टापांनी अशी बसलेली की भोवरा फिरवा, सिमेंटवर फिरावा तसा फिरेल.

मग रियासत गेली, मध्यभारत झाला. दोन-तीन वर्षांनी रिसाला मोडला. वयाने जवान होते त्यांना नव्या फौजेत घेतलं, आबांसारख्यांना सांगितलं घरी बसा, पाहू. एक दिवस दोन माणसं आली आणि लाखीला मुरारच्या छावणीत घेऊन गेली. तलवार, जीन, सगळं जमा झालं. आबांनी अर्जी केली होती की मलाही नव्या फौजेत घ्या, घोडे शिकवायला तरी घ्या. तिचं उत्तर येणार म्हणून बसून राहिले. रोज सकाळी ठाण झाडायचे, गव्हाण धुवायचे, मग खाट टाकून ठाणाकडे तोंड करून बसायचे. घोडी नाही, आणि गव्हाण धुतात. जेवण अर्धं टाकायचे. आमच्याशी बोलणं बंद. आई एकदा म्हणाली, आंगणात निदान मिरच्या तरी लावू. तर आबा असे ओरडले की परत कोणी नाव काढलं नाही. आंगण खोदायचं मतलब बोलावणं येणारच नाही असं मानायचं, हे आईलाही समजत होतं.

जिजी तेव्हा पंधरा वर्षांची.  एक दिवस पाटोरीच्या भिंतीवर कोळशाने नक्शा काढून बसली. मी विचारलं, हे काय गं?

म्हणाली, "आपलं आंगण. ही मेथीची क्यारी, ही पालकाची, इथे लिंबू, भिंतीशी मोगरा."

"आणि मधला हा गोळा?"

"ते ठाण. ते सोडून देऊ. त्याला कोण हात लावेल?"

"आबा मारतील तुला."

"मारतील तर उठतील तरी खाटेवरून," जिजी म्हणाली.

मग खांडेनवमी आली. दर वर्षी पाटावर आबांची तलवार असायची, शेजारी रिकीब, लगाम, आणि बाहेर लाखीला हळदीकुंकू. त्या वर्षी पाट रिकामा. आई पदराने डोळे पुसत होती. जिजी गुपचूप शेजारच्या मास्तरांकडे गेली, त्यांचा फावडा आणि खुरपी मागून आणली, धुतली, पाटावर मांडली, वर गेंद्याची, झेंडूची माळ.

आई पाहतच राहिली. "अगं बये, तलवारीच्या पाटावर फावडा? समोरच्या दौलतसिंहांच्या घरून कोणी पाहिलं तर गल्लीभर होईल, की मानसिंगरावांच्या घरी मजूर झाले."

"मग रिकाम्या पाटाला नमस्कार करू का? तूच सांग."

तेवढ्यात आबा आत आले. पाटाकडे पाहिलं. मी तर आईच्या मागे लपले.

"कोणी ठेवलं हे?"

"मी ठेवलं, आबा."

आबांनी वाकून फावड्याच्या कडेवर अंगठा फिरवला. "धार कुठे आहे याला? बिना धारेचं हत्यार पूजेला मांडतात का? मराठ्याची पोर आहेस की कोण?"

आणि फावडा उचलून बाहेर गेले. आम्हाला वाटलं फेकला. पण पाटोरीतून पत्थरावर लोखंड घासल्याचा आवाज आला. अर्धा तास घासत होते. मग आणून पाटावर ठेवला, कुंकू लावलं, नारळ फोडला. 

आता आमच्यात एक आहे. नवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्याला उचललं की एकदा तरी चालवल्याशिवाय परत ठेवायचं नाही. तलवार असली तर कोहळा कापायचा. फावड्याने काय कापणार? हे जिजीला आधीच ठाऊक होतं. मला नंतर हसत हसत म्हणाली, आबा खोटं बोलतील एक वेळ, पण दसरा खोटा नाही करणार.

दसऱ्याला आबांनी फेटा बांधला. तसाच, जसा स्वारीला बांधायचे. फावडा घेऊन आंगणात गेले आणि सरळ ठाणाजवळ उभे राहिले.

जिजी धावली. "आबा, ठाण सोडून! नक्शात मी ठाण तसंच ठेवलं आहे."

"पाहिला तुझा नक्शा. पहिला मान ठाणाचा," आबा म्हणाले, आणि मारला फावडा. टण्णकन वाजला, ठिणगी निघाली. दुपारपर्यंत खोदत होते. मेख निघाली ती हातभर लांब. धुऊन पाटोरीत ठेवली. तळहातावर फोड आले होते, पण त्या दिवशी पोटभर जेवले.

मग काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून आबाच बगिच्याचे दफेदार. सुतळी ताणून सगळ्या क्याऱ्या परेडसारख्या एका ओळीत. एक जरा वाकडी झाली तर जिजीला परत खणायला लावली. पण हुकूम असा की मेथी पहिली ठाणावर, ती वर आल्यावरच बाकीच्या क्याऱ्या.

जिजी म्हणाली, "आबा, पालकाचे दिवस निघून जातील."

"पुढचा घोडा चालल्याशिवाय मागचा चालत नसतो. तू मला शिकवू नको."

पाचव्या दिवशी मेथी उगवली. आबांनी मला झोपेतून उठवून दाखवली. दहाव्या दिवशी पिवळी पडली, आणि मग जळूनच गेली, सगळी, जसं कोणी निखारे पसरले. बाकी आंगण तर रिकामंच.

आबा उभे राहून पाहत होते. म्हणाले, "ठाणाला हे नको आहे. ते वाट पाहतंय." आणि मला म्हणाले, "जा, पाटोरीतून मेख आण."

मी निघाले तर जिजी मध्ये उभी राहिली. "आणायची नाही."

आबांना असं कोणी बोललेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. जिजीने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "दोन दिवस द्या, आबा. दोन दिवसांनी मीच ठोकून देईन."

आबा खाटेवर जाऊन बसले, तोंड फिरवून.

सकाळी जिजी दाराशी उभी राहिली आणि डोक्यावर टोपली घेऊन भाजीवाली आली तिला हात धरून आंगणात आणलं. म्हातारी होती, जन्म शेतीत गेलेला. तिने ठाणावरची माती उचलली, नाकाशी नेली आणि फेकून दिली.

"हाय राम! बिटिया, यहाँ घोड़ा बँधता था?"

"हाँ."

"कितने बरस?"

जिजी बोलायच्या आधी खाटेवरून आबा बोलले, "बावन बरस. हमारे दादा के बखत से."

"तो दफेदार साहब, बावन बरस घोड़े का मूत पिया है इस मिट्टी ने. बिचारी मेथी एक घूँट में मर गई!"

जिजी तर घाबरली. आबा म्हातारीकडे पाहत राहिले, आणि मग असे हसले की खाट करकर वाजायला लागली. आई भिजल्या हाताने बाहेर आली की काय झालं. डोळे पुसत आबा म्हणाले, "अगं, हे तर मला कळायला हवं होतं! जन्म घोड्यात गेला माझा!" आणि परत हसले.

म्हातारीने सांगितलं, ही माती फेकू नका, ही तेज खाद आहे, कडक खत. हातभर खोदून काढा आणि थोडी थोडी साऱ्या आंगणात मिसळा, खड्ड्यात दुसरी माती भरा. तर आबांनी तेच केलं. टोपल्या भरून ठाणाची माती आंगणभर पसरली, मुठीने, जिजी दाखवेल तिथे. त्या थंडीत आमच्याकडे पालक असा झाला की आई गल्लीत वाटून थकली. दौलतसिंहांच्या घरूनही सून वाटी घेऊन यायची.

माघात अर्जीचं उत्तर आलं. उमर जास्त आहे, घेता येत नाही. आबांनी दोनदा वाचलं, घडी करून देवाजवळ ठेवलं.  जिजी दिवसभर त्यांच्या मागे मागे, पाणी देऊ का, चहा ठेवू का. संध्याकाळी आबांनी पालकाची टोपली भरली आणि तिला म्हणाले, "चल, दिनकररावांकडे जाऊ."

दिनकरराव त्यांच्याच रिसाल्यातले. तेही अर्जी करून सहा महिने रिकाम्या ठाणासमोर बसलेले, बायको परेशान. आबांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, "राव, आमचं उत्तर आलं, नाही म्हणून. तुमचंही तेच येईल. उठा. माझी पोर आंगणाचा नक्शा काढून देते. पण आधी ठाणाची माती काढा, बाकी मी सांगतो."

दिनकरराव काही लगेच उठले नाहीत. पण जिजीने पदर खोचला, चुलीतला कोळसा मागितला आणि त्यांच्या भिंतीवर रेघा ओढायला लागली. दोघे म्हातारे पाहत बसले. थोड्या वेळाने दिनकरराव म्हणाले, "मुली, लिंबू तिकडे नको, तिकडे उन्हाळ्यात लू लागते."

"मग कुठे घेऊ, काका?" जिजीने विचारलं, आणि ते खाटेवरून उठून तिला जागा दाखवायला गेले.