पोतेवाल्या मावशींच्या बकऱ्या

गोठ्यात वारा कुठून शिरतो हे पाहायला पोतेवाल्या मावशी सरळ जमिनीवर आडव्या होत. गाल भुईला टेकवून, डोळे मिटून दोन-तीन मिनिटं तशाच पडून राहत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाई चक्कर येऊन पडल्या. धावत गेले, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "थांब वं, हवा पाहून राहिली मी. बकरी झोपते तेथंच तिची थंडी समजते. उभ्यानं काय समजन?"

जनावरांची डॉक्टर म्हणून मी तेव्हा हिंगण्याजवळच्या एका गावात नुकतीच रुजू झाले होते. मावशींची वस्ती कारखान्यांच्या मागे. नवरा कंपनीत होता. तो गेल्यावर त्यांनी नऊ बकऱ्यांवर संसार ओढला, एकुलत्या एक मुलीचं लग्न रामटेकला करून दिलं. दिवाळी सरली की त्या जुनी पोती उसवत आणि प्रत्येक बकरीच्या मापाची झूल शिवत. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. सकाळी कंपनीची बस पकडायला निघालेले लोक त्या पोतेधारी बकऱ्यांना हसत. मावशी त्यांना ऐकवत, "तुमी स्वेटर घालून चालले ना गा? मंग हिनं काहून नाही घालाव?"

दव वाळेपर्यंत बकऱ्यांना बाहेर सोडायचं नाही, हा त्यांचा हिवाळ्यातला नेम. आधी तुरीचं कोरडं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मग कोमट पाणी, आणि ऊन चांगलं तापलं की बोरी-बाभळीचा पाला. पाणी देण्याआधी त्यात कोपर बुडवून पाहत, बाळाच्या आंघोळीचं पाहावं तसं. गाभण बकरीला मूठभर भरडलेली ज्वारी जास्त मिळे. दुसरीनं त्यात तोंड घातलं की तिला हातानं मागे सारून समजावत, "तुले नाही वं बाई. तिच्या पोटात दोन हायेत."

पहिल्याच जानेवारीत माझ्या हातून चूक झाली. थंडी कडाक्याची पडली होती. मी मावशींना गोठ्याच्या वरच्या फटी प्लास्टिक लावून बंद करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "वरून हवा जाऊ दे. मुताचा वास कोंडला का पिल्लं खोकलतेत." माझ्या पुस्तकांतही खरं तर तेच लिहिलेलं होतं. पण थंडीला मी घाबरले होते, आणि डॉक्टर मी होते. मी हट्ट धरला. मावशींनी प्लास्टिक बांधलं. आठवड्याच्या आत दोन पिल्लं न्यूमोनियानं गेली. माझी इंजेक्शनं काही कामाला आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्तीत जायला पाय उचलत नव्हते. गेले, तर नळावर शेजारणी मावशींनाच बोलत होत्या. "एवढ्या वर्षांची बकरीवाली तू, अन् गोठा असा बंद केला?"

"चुकलंच माझं," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

घरात आल्यावर मला रडू आवरेना. त्यांनी पाण्याचा पेला हातात दिला आणि समोर बसल्या. "तुझं नाव घेतलं असतं त उद्या तुले कोणी बोलावलं नसतं. मंग त्याईच्या बकऱ्या कोणं पाहाच्या?" पेला परत घेत म्हणाल्या, "पण याच्यापुढं मी सांगीन थे आयकत जाय." मग आम्ही दोघींनी मिळून ते प्लास्टिक काढलं.

ऐकायची वेळ पंधरा दिवसांतच आली. एका पहाटे जन्मलेलं पिल्लू गारठून लाकडासारखं झालं होतं. मी पोचले आणि आईचं दूध काढून बाटली त्याच्या तोंडाला लावणार, तेवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं. "पोट थंड हाय त्याचं. आता दूध पचन नाही. पयले ऊब." त्यांनी पिल्लू पदरात गुंडाळून पोटाशी धरलं आणि चुलीपाशी बसून राहिल्या. मी त्याचे पाय चोळत होते. दर थोड्या वेळानं मावशी त्याच्या तोंडात बोट घालून ऊब आली का पाहत आणि नकारार्थी मान हलवत. तासाभरानं म्हणाल्या, "आता दे." पिल्लानं बाटली अशी ओढली की आम्ही दोघी हसलो.

त्यानंतर सहा हिवाळे मी त्यांच्या गोठ्यात शिकले. मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलीनं त्यांना रामटेकला न्यायचं ठरवलं. व्यापारी दारात आला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं. बकऱ्या आसपासच्या ओळखीच्या घरांत दिल्या. मागायला येईल त्याला एकच म्हणत, "थंडीत कुठं बांधशीन, थे पयले दाखव." आणि काठी टेकत जाऊन पाहून येत. दोघांना नाही म्हणाल्या.

डिसेंबरात मी त्यांना भेटायला निघाले. त्याआधी त्या सगळ्या घरांतून एक चक्कर मारली होती. मावशी अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी एकेका बकरीची खबर सांगत गेले. कोण गाभण आहे, कोणाला जुळी झाली, कोणी शेजाऱ्याची मेथी खाल्ली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आठ झाल्यावर मी थांबले.

"अन् पांढरी?"

ते सांगायचं नाही, असं मी ठरवून गेले होते. पण त्यांच्यासमोर खोटं बोलवेना. "गेली, मावशी. मागच्या आठवड्यात. म्हातारी झाली होती."

"एकटी होती का वं?"

"नाही. त्या घरची सून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती."

मावशींनी डोळे उघडले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मंग बरं झालं. चाल, जेवून जाय. वांग्याची भाजी केली पोरीनं."

फेब्रुवारीत मावशी गेल्या. मुलीचा फोन आला होता. एकट्या होत्या का, एवढंच मी विचारलं. सकाळच्या उन्हात बसल्या होत्या, म्हणाली, आणि ती बाजूलाच वाटाणे सोलत होती.