जराशी साखर

ओझेला क्रम्प्टन अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरवरच्या एका माणसाच्या नादी लागली, ही बातमी आमच्या टिलर्स बेंड गावभर पसरवायला मेव्हिसच्या सलूनला एक शनिवार पुरला. पुरावे भक्कम होते. शाळेच्या स्वयंपाकघरातून दुपारी सुटली की बाई चर्चला घालायचं जाकीट चढवायची, लिपस्टिक लावायची, दार लावून घ्यायची आणि आतून "हो सर, नाही सर" ऐकू यायचं. तिच्या खिडकीखालच्या गुलाबांना त्या आठवड्यात पाणी जरा जास्तच मिळालं. कुणी घातलं ते विचारू नका.

माणूस होता, पण परीक्षक. ओझेला नऊ महिने घरबसल्या शिकत होती, आरोग्यशिक्षण तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रासाठी. महिनाअखेरीपर्यंत ते हातात आलं तर दवाखान्यातली नवी जागा तिची. नाहीतर शहरातून कुणीतरी येणार, जिला आमच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नाही.

लेखी तिने झोकात काढली. तोंडी परीक्षेत मात्र आपटली. "मधुमेह" म्हणायच्या जागी ती गावच्या सवयीने "जराशी साखर" म्हणून गेली. शेरा आला : शास्त्रीय शब्द वापरा. आता एकच संधी उरली होती. चर्चच्या हॉलमध्ये खऱ्या माणसांसमोर वर्ग घ्यायचा, आणि फोनच्या कॅमेऱ्यातून तोच परीक्षक बघणार.

रविवारची प्रार्थना आटोपली. फोन मेव्हिसच्या हातात.

"सरळ धर गं! परीक्षा माझी आहे, तुझ्या नखांची नाही."

मग ओझेलाने कागदाबरहुकूम विचारलं, "इथे मधुमेह कुणाकुणाला आहे?"

दोन हात वर झाले.

"छे, असलं काही आमच्या घराण्यातच नाही," चर्चचा कारभार बघणारे डीकन होसिया म्हणाले. डाव्या पायाचा अंगठा दोन वर्षांपूर्वी इस्पितळात ठेवून आलेले हे गृहस्थ!

ओझेलाने कागदाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. पुढचा प्रश्न वाचला असता तर पास होणं सोपं होतं. तिने कागदाची घडी घातली.

"बरं. आणि जराशी साखर कुणाला आहे?"

सतरा हात. होसियांनी तर दोन्ही वर केले.

"मग ऐका. डॉक्टर ज्याला मधुमेह म्हणतात ना, ती हीच साखर. हिच्यात 'जराशी' काही नसतं. डीकन, तुमचा अंगठा जरासा गेला का?"

पुढचा अर्धा तास ती बोलली : गोड चहा, मक्याचा पाव, रोज पायाचे तळवे बघायचे ते कसे. टेबलावर पीच घालून भाजलेलं गोड वाट बघत होतं, पण एकही जण उठला नाही.

फोनमधून मात्र काहीच आवाज येईना.

"बंद पडला वाटतं," मेव्हिस कुजबुजली.

"बंद नाही," आतून आवाज आला. "हात मोजत होतो. शेरा माझा चुकला, बाई."

गुरुवारी प्रमाणपत्र आलं. त्याची एक प्रत मेव्हिसने सलूनच्या आरशावर चिकटवली. आपल्याला हे पहिल्यापासून माहीत होतं, असं ती गिऱ्हाइकांना शपथेवर सांगते. गावातलं कुणी तिला खोटं पाडत नाही. गावाची छातीच एवढी फुगलीय की बोलायला श्वास कुठून आणणार?

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलापाशी होसियांनी ओझेलाला गाठलं. "काय गं, आता तुला डॉक्टरीणबाई म्हणायचं की काय?"

"नको," ओझेला म्हणाली. "डॉक्टर तुम्हाला वर्षातून दोनदा बघतात. मी तुमचं ताट दर रविवारी बघते."