पत्रिकेत न छापलेलं नाव

काश्मीरमधल्या त्या पोस्टवर मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. लान्स नायक दत्तात्रय माझ्या सेक्शनमध्ये. गाव चाकणजवळचं कुरुळी. पाचला स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन मोर्चावर सज्ज, सहाला चहा, सातला गस्त, असं रोजचं चालायचं. त्या दिवशी ७:४० ला फायर आला. दत्तूच्या मांडीत गोळी लागली.

मी रेडिओवर म्हणालो, "एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर हवंय. ओव्हर."

"धुकं आहे. खाली आणा. ओव्हर."

मी त्याला पाठीवर घेतलं. ११:२० ला, वाटेतच, तो गेला.

रिटायर झाल्यावर चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. दत्तूच्या थोरल्या भावाला, बापूंना, भेटायला गेलो. त्यांनी आपल्याच चाळीत खोली दिली. "दत्तूच्या जागी तुमी," म्हणाले. रविवारचं जेवण त्यांच्याकडेच. मी नाव सांगितलं होतं विलास फौजी. आडनाव मुद्दाम टाळलं होतं. वीस वर्षं फौजेच्या एका लंगरात सगळ्यांबरोबर जेवूनही ही सवय गेली नव्हती.

माझी बायको सुजाता म्हणायची, "आडनाव कळू द्या, मग बघा."

"तू उगाच संशय घेतेस," मी म्हणायचो.

दत्तूच्या स्मृतिदिनाला गावात कार्यक्रम ठरला. त्याची शेवटची हकीकत मी सांगायची होती. बापूंनी विचारलं, "पत्रिकेत छापायचंय. पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं, "विलास कांबळे."

बापूंनी लिहून घेतलं. पण त्या रविवारी जेवायला बोलावणं आलं नाही.

कार्यक्रमाला मी मेडल लावून गेलो. पत्रिकेत माझं नाव नव्हतं. बापू मला बाजूला घेऊन म्हणाले, "लोकं बोलत्यात, राव. आज तुमी मागं बसा. जेवणाचा डबा खोलीवर धाडतो."

"दत्तू माझ्या पाठीवर गेला, बापू."

"मला ठाव हाय. पण गावात ऱ्हायचंय मला."

दत्तूची आई पुढच्या रांगेत बसली होती, हकीकत ऐकायला. मी फोटोसमोर गेलो, सॅल्यूट केला आणि एक शब्द न बोलता निघून आलो. त्याच आठवड्यात खोली सोडून आम्ही थेरगावला आलो. इथे दारावर मी पूर्ण नावाची पाटी लावली. सुजाता "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं दत्तूची आई एकटी, दोन बस बदलून आली. सुजातानं केलेला चहा प्यायली. मग म्हणाली, "मी हितं आल्याचं बापूला सांगू नगंस, लेकरा."

तेही मला लागलं. तरी मी बसलो आणि तिला सगळं सांगितलं: फायर, धुकं, उतार.

"काय बोलला का शेवटाला?"

"म्हणाला, आईला सांगा, दुखत नाही."

तिनं डोळ्यांना पदर लावला.

दत्तू तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला फार दुखत होतं. ते मी तिला सांगितलं नाही.