सावली की डाग

आमच्या घराखालच्या खोलीत आत्याचं दुकान आहे. वरच्या खिडकीत बसलं की तिचा फोन शब्दन्‌शब्द ऐकू येतो, त्यामुळे तिचं बोलणं मला आवाजासकट पाठ आहे.

"हं, बोला. जड आहे का? दोघांशिवाय उचलत नाही? काच गरम होते? मग प्लाझ्माच तो. काय दिसतं, पट्टा की अक्षरं? चॅनेल बदललं तरी? नाही हो, भूत कसलं. भुताला एवढा वेळ नसतो. उद्या येते मी. तोवर बंद ठेवा, आणि फडक्यानं पुसत बसू नका. पुसून जाणारं असतं तर मला फोन कशाला केला असतात?"

गल्लीत तिला प्लाझ्माबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की प्लाझ्माबाई. शेजारच्या दुकानातला शिंपी तेवढा तोंडावर म्हणतो. "काय प्लाझ्माबाई, जग पातळ टीव्ही घेऊन मोकळं झालं, तुम्ही अजून या धष्टपुष्ट लेकरांना अंगाखांद्यावर घेऊन बसलात!" त्यावर आत्या मान वर न करता म्हणते, "तुम्ही लोकांच्या उसवलेल्या विजारी शिवता, मी काही बोलते का?"

आत्या अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तिचं लग्न झालं नाही की तिनं केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. वीस वर्षं ती एका दुरुस्ती केंद्रात होती. प्लाझ्मा टीव्ही बनायचे बंद झाले तसे बाकीचे मेकॅनिक नव्या यंत्रांकडे वळले. ही म्हणाली, लोकांच्या घरात आहेत तोवर कुणीतरी पाहिजे ना. आता आख्ख्या गावात प्लाझ्मा उघडणारी ती एकटीच उरलीय.

तिच्या कामातली मुख्य गोष्ट एकच आहे, आणि ती प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच शब्दांत सांगते. काचेमागे लाखो बारीक कप्पे असतात, कप्प्यांत वायू, आणि आतून एक लेप. वायू पेटला की लेप उजळतो. एकच चित्र तासन्‌तास ठेवलं तर दोनपैकी एक होतं. कधी चित्र गेल्यावरही त्याची छटा रेंगाळते. ती सावली. हलती चित्रं लावा, कोरा पांढरा पडदा लावून ठेवा, निघून जाते. कधी मात्र लेपच तेवढ्या जागी झिजतो. तो डाग. तो जात नाही. पहिल्या दिवशी दोन्ही अगदी सारखे दिसतात.

म्हणून तिचा नियम आहे, तीन दिवस. आधी बघायचं, मग पांढरा पडदा लावून ठेवायचा, आणि तिसऱ्या दिवशी टीव्ही गार असताना चालू करून सांगायचं. तोपर्यंत कुणी कितीही खोदून विचारलं तरी उत्तर एकच, "बघू."

गेल्या महिन्यात तिला एका काकूंचा फोन आला. आत्या गेली. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, खिडकीपाशी एक आरामखुर्ची आणि समोर टीव्ही. पडद्याच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा, आणि कोपऱ्यात घड्याळाची चौकट. काकूंचे यजमान दिवसभर बातम्यांचं चॅनेल लावून बसायचे.

पुढचं सगळं आत्यानं आमच्या आईला सांगितलं. मी दाराआड होते. माझ्या कानांबद्दल घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी दार लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

"आवाज बंद करून नुसता पट्टा वाचायचे हो," काकू म्हणाल्या. "मी म्हणायचे, जगात कुठे काय झालं ते तुम्हाला कळतं, घरातलं मीठ संपलंय ते नाही कळत. आता नात येते, कार्टून लावते. ससा उड्या मारतो आणि त्याच्या पायाखाली ह्यांचा पट्टा. मला नाही बघवत, ताई. काढून टाका."

"बघू," आत्या म्हणाली. तिनं पांढरा पडदा लावला. काकूंनी चहा टाकला.

चहा पिताना काकू म्हणाल्या, "माझं आणि पडद्यांचं काही बरं नाही. आठ महिन्यांपूर्वी ह्यांचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात खाली नातेवाइकांना बसायची खोली आहे, तिथे भिंतीवर मोठा पडदा. तिथली बाई म्हणाली, इथे बसा, पडद्यावर लक्ष ठेवा. पहिल्याच ओळीत ह्यांचा नंबर, पुढे लिहिलेलं, 'शस्त्रक्रिया सुरू'. मी नजर हलवली नाही. मग एकदम पडदा राखाडी झाला. बाकीचे उठून वर चौकशीला गेले. मी नाही गेले. कारण मला दिसत होतं ना! अंधुक झालं होतं, पण होतं तिथेच. 'शस्त्रक्रिया सुरू'. म्हटलं, सुरू आहे तर जागा कशाला सोडायची?"

"मग?"

"कसलं सुरू! कधीच संपलं होतं. ह्यांना बाहेर आणलं, शुद्ध आली, दोनदा मला विचारलं म्हणे. नर्स वरच्या मजल्यावर माझ्या नावानं हाका मारतेय आणि मी खाली बसलेय. पाऊण तास. मी वर पोचले तेव्हा..." काकूंनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

आत्यानं आपला कप बाजूला सारला.

"मुलगा म्हणतो, आई, मी स्वतः चौकशी केली, कॉम्प्युटर बंद पडला होता, पडद्यावर एक अक्षर नव्हतं. तू घाबरली होतीस, तुला भास झाला. सून म्हणते, डोळे दाखवून या. दाखवले. डोळे ठणठणीत आहेत म्हणाले. म्हणजे बिघाड डोक्यात, दुसरं काय? आता कुठलीही पाटी वाचली की मी दोनदा विचारते, हेच लिहिलंय ना?"

आत्यानं विचारलं कोणतं हॉस्पिटल. काकूंनी सांगितलं. आत्या "तीन दिवसांनी येते" एवढंच म्हणाली आणि उठली.

तो पडदा तिनं पाहिलेला होता. दोन वर्षांपूर्वी तिथल्या व्यवस्थापकानं तिला बोलावलं होतं, पहिल्या ओळीतली अक्षरं पुसट दिसत राहतात म्हणून. तो माणूस आमच्याकडे एकदा येऊन गेलाय, त्यामुळे त्याची नक्कल मला फुकट मिळाली. शब्द संपायच्या आत पुढचा सुरू करतो. "मॅडम दोन शब्दांत सांगा, उतरवायचं नाव काढू नका, एक दिवस बंद ठेवला तर लोक मला फाडून खातील, जाणार का राहणार तेवढंच सांगा." आणि आत्यानं, जी शिंप्याच्या मेव्हण्यालाही तीन दिवस थांबवते, तिथे दहा मिनिटं उभं राहून सांगून टाकलं, "सावली आहे. जाईल. दिवसाची ऑपरेशनं संपली की पांढरा पडदा लावत जा." ती परत बघायला गेली नाही. पांढरा पडदा कुणी लावला नाही.

काकूंकडून आली त्या दिवशी ती जेवली नाही. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "तुला कुणी विचारलंय का? कागदोपत्री काय आहे? कॉम्प्युटर बंद पडला. विषय संपला. उगाच पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. उद्या लोक म्हणतील, प्लाझ्माबाईमुळे झालं."

"प्लाझ्माबाईमुळेच झालं," आत्या म्हणाली.

आई हळूच म्हणाली, "वन्सं, सांगून त्यांचा माणूस परत येणार आहे का?"

"नाही येणार." आत्या बराच वेळ हातातल्या स्क्रूड्रायव्हरची मूठ चोळत राहिली. "पण ती बाई स्वतःला वेडी समजायला लागलीय, वहिनी. आणि तिनं वाचलं ते बरोबर होतं, हे माहीत असलेली मी एकटीच आहे."

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. व्यवस्थापकाची आगगाडी सुरू व्हायच्या आत तिनं स्टुलावर चढून कॉम्प्युटरकडून पडद्याला येणारी वायर काढली. पडदा राखाडी झाला, आणि पहिल्या ओळीत अक्षरं उभी राहिली. 'शस्त्रक्रिया सुरू'. नंबर रोज बदलतो, म्हणून त्या जागी नुसता मळकट ठिपका. दुसऱ्या ओळीत अगदी पुसट खुणा. खाली काहीच नाही. कारण सोपं होतं. दिवसात एकच ऑपरेशन असलं तरी पहिली ओळ भरतेच, आणि तिथे हेच दोन शब्द तासन्‌तास असतात. बाकीच्या नातेवाइकांच्या ओळी झिजल्याच नव्हत्या. त्यांना पडदा कोरा दिसला आणि ते उठले. एकट्या काकूंनाच उत्तर मिळालं.

व्यवस्थापक बघत राहिला. आत्या सांगते, पहिल्यांदाच त्याचं एक वाक्य अर्ध्यात थांबलं. "पण मॅडम, हे तर..."

"हो," आत्या म्हणाली. "उतरवायला दोन माणसं द्या."

उतरवण्याआधी तिनं काचेवर पातळ ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि पेन्सिलीनं एकेक अक्षर गिरवून घेतलं. शस्त्रक्रियेतलं 'स्त्र' गिरवताना दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणे.

पडदा दुकानात आला. डाग काढायची एकच रीत तिला माहीत आहे, आणि खरं म्हणजे ती काढायची रीत नव्हेच. झिजलेला लेप परत भरत नाही. उरलेला तेवढाच झिजवायचा. गिरवलेल्या कागदावरून तिनं कॉम्प्युटरवर उलटं चित्र केलं. अक्षरांच्या जागी काळं, बाकी सगळं पांढरंशुभ्र. हे असं दिवसामागून दिवस चालू ठेवायचं. अक्षरं विसावा घेतात, बाकीचा पडदा राबतो, आणि कधीतरी सगळे एका पायरीवर येतात. पडद्याचा एकूण उजेड तेवढा उतरतो.

तर दुकानात दिवसभर तो पडदा रस्त्याकडे तोंड करून जळत होता, पांढऱ्यावर काळी अक्षरं, 'शस्त्रक्रिया सुरू'. शिंपी दारात आला. "काय प्लाझ्माबाई, कुणाचं पोट फाडताय आज?"

आत्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. शिंपी थोडा वेळ उभा राहिला, मग आपल्या मशीनवर जाऊन बसला. दुपारी त्यानं आपल्या हातानं दोन चहा आणले आणि एक तिच्यापुढे ठेवून मुकाट्यानं निघून गेला.

सांगितल्याप्रमाणे तीन दिवसांनी आत्या काकूंकडे गेली. टीव्ही गार होता. तिनं चालू केला, पट्टा बघितला, बंद केला. मग पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून टेबलावर उलगडली.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"वाचा."

काकूंनी चष्मा पुढे केला, मागे केला. बराच वेळ वाचलंच नाही. मग म्हणाल्या, "आधी तुम्ही वाचा."

"शस्त्रक्रिया सुरू," आत्यानं वाचलं. "त्या खोलीतल्या पडद्यावरून उतरवलंय. परवा. पडदा राखाडी असताना. तुम्ही वाचलंत ते तिथे होतं, काकू. अजूनही होतं."

काकूंनी कागदावर बोट टेकवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं. दोनदा.

मग आत्यानं उरलेलं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं. दहा मिनिटांचं. "मी तेव्हा तीन दिवस थांबले असते तर मला कळलं असतं. तो पडदा तिथे राहिलाच नसता. चूक माझी आहे." घरून निघताना तिनं बरीच वाक्यं जुळवली होती, मी ऐकली होती. त्यातलं तिथे फक्त एवढंच आलं.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती, परत परत. ती शेवटी सुरू होऊन निघून गेली तेव्हा काकू म्हणाल्या, "हा कागद मी ठेवते. मुलाला दाखवायचाय."

"तुमचाच आहे."

"आणि तुमचा मला राग आलाय. आत्ता आलाय तो जाणारा आहे की नाही, मला माहीत नाही."

"बरं," आत्या म्हणाली.

तिनं पिशवी उचलली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला.

"आणि टीव्हीचं?"

आत्या वळली. "डाग आहे. जाणार नाही."

"काहीच करता येत नाही?"

"बाकीचा पडदा त्याच्या बरोबरीनं झिजवता येतो. तीन-चार आठवडे लागतील. पट्टा दिसायचा थांबेल. पण सगळ्याचाच उजेड कमी होईल."

काकूंनी आरामखुर्चीकडे बघितलं, मग टीव्हीकडे. "किती कमी?"

"दुपारी खिडकी उघडी असली तर नीट दिसणार नाही, इतका."

"मग खिडकी लावून बघेन," काकू म्हणाल्या. "करा."

आत्यानं पिशवी खाली ठेवली, टीव्ही परत चालू केला आणि नवा कागद काढला. पट्टा पडद्याएवढा लांब, कागद एका बाजूला चिकटवला की दुसऱ्या बाजूनं सुटायचा. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा काकू उठल्या, टीव्हीच्या त्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कोपरा दोन बोटांनी काचेवर दाबून धरला. आत्या या टोकाकडून पेन्सिल टेकवून सावकाश त्यांच्या दिशेनं सरकू लागली.