तात्यांचं स्वतःचं पेन

तात्या वकिलांच्या ऑफिसात शिरलं की ते आधी पेन काढून घ्यायचे. नमस्कार नंतर. खिशातलं, पर्समधलं, कानावर अडकवलेलं, कुठलंही. "पेन इकडं," म्हणायचे आणि टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यात उभं करायचे. जाताना परत मिळायचं. परभणीच्या कोर्टात नवे आलेले लोक हबकायचे. पहिल्या दिवशी मीही हबकले. मी तर त्यांची ज्युनिअर म्हणून रुजू व्हायला आले होते.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. घरात कुणी गेलं, भांडण झालं, नोकरी गेली की आपली माणसं घाईघाईने सही करून मोकळी होतात. एका खासगी दवाखान्यातली नर्स रडत आली. मालक म्हणत होता, राजीनामा लिहून दे, तरच अनुभवाचा दाखला देतो. तात्या म्हणाले, "काढायचं त्याला हाय ना? मग त्यालाच लिहू द्या. त्याचं काम तुमी कशाला करायलाय?" पाथरीचा एक जण बायकोची फारकत बाँडवर लिहून घेऊन आला, त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं. तात्यांनी बाँड वाचून परत दिला. "ह्याच्यावर शेळी इकता येईल. बायको सुटत न्हाई. वरातीला पोलीस येतील."

पण खरा राग हक्कसोडीवर. बाप गेला की भाऊ बहिणीला बोलावतो, साडीचोळी करतो आणि तिची सही घेतो. माहेर तुटू नये म्हणून तीही देते. ताडकळसची मेंढरं राखणारी एक बाई भावाला घेऊनच आली होती.

भाऊ म्हणाला, "वकीलसाहेब, अक्कानं बाप जिता असतानाच घरावरचा हक्क सोडलाय. लिहून दिलंय."

"घर कुणी बांधलं?"

"बापानं. मेंढरं इकून."

"बाप जिता असताना त्याच्या कमाईच्या घरात अक्काचा हक्क होता का?"

"न्हाई."

"आन तुझा?"

"माझा बी न्हाई."

"मग जे नव्हतंच ते तिनं सोडलं कसं?"

बाईच म्हणाली, "जाऊ द्या तात्या. आमच्यात पद्धत हाय."

तात्या तिच्यावर असे कडाडले की बाहेरचा चहावाला आत डोकावला. "पद्धत तुला भाकर घालायला येनार हाय का?"

हे तात्या गेल्या महिन्यात गेले. दहाव्याला मी त्यांच्या घरी गेले. नवऱ्याने सोडल्यापासून त्यांची मुलगी नंदा तिच्या लेकीसह तिथेच वरच्या खोलीत राहते. मुलगा शिरीष पुण्याहून आला होता. तात्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही आणि घर विकायचं ठरलं आहे, हे त्याने मला दारातच सांगितलं. जेवणं उरकल्यावर त्याने नंदापुढे कागद आणि आपलं पेन ठेवलं.

"कर सही. तात्यांसमोर सगळं सोडलंयस, आता ही नुसती फॉर्मॅलिटी."

मला वाटलं, तात्यांची मुलगी आहे, पेन भिरकावून देईल. तिने टोपण काढलं.

"नंदा, थांब," मी म्हणाले. "तात्या असते तर?"

"ताई, पहिली सही तात्यांनीच घेतली," ती म्हणाली. "लग्नाआधी. पेडगावचं शेत आणि हे घर, दोन्हींवरची. मला रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेले, स्वतःचं पेन दिलं. म्हणाले, आपल्यात पद्धत आहे, बेटा. येताना साडी घेतली."

क्षणभर वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. ताडकळसच्या बाईच्या तोंडचं वाक्य, आणि ते तात्यांच्या तोंडून. इतकी वर्षं मी त्यांच्या समोर बसले. जगाची पेनं काढून घेणाऱ्या माणसाने पोटच्या मुलीच्या हातात पेन दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन पुन्हा कुणाला तरी "पेन इकडं" म्हटलं असणार. मला त्याचा अंदाजही आला नाही.

मी हात पुढे केला. "पेन इकडं."

शिरीष दचकला. आवाज माझा होता, पण वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. नंदाने पेन माझ्या हातात ठेवलं.

मग मी त्याला शांतपणे सांगितलं. पेडगावचं शेत वडिलोपार्जित आहे, त्यात नंदाला जन्मापासून वाटा होता. तो तिने सोडला, तो गेला. घर मात्र तात्यांनी वकिलीच्या कमाईतून बांधलं. ते हयात असताना त्यात तिचा हक्क नव्हता, तुझाही नव्हता. नव्हता तो सोडणार कसा? तुमची आई आधीच गेली, म्हणजे आता दोघांचा निम्मा निम्मा. तिच्या सहीशिवाय वीटसुद्धा विकता येणार नाही.

"तात्यांना हे चाललं नसतं," शिरीष म्हणाला.

"हे मी त्यांच्याकडूनच शिकले."

निघताना नंदा फाटकापर्यंत आली. "ताई, त्यांनी मुद्दामच मृत्युपत्र केलं नसेल का? माझ्यासाठी?"

तिला हो ऐकायचं होतं. मलाही म्हणायचं होतं. पण जे माहीत नाही त्याची साक्ष द्यायची नाही, हेही त्यांचंच.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तू खोली सोडू नकोस."

शिरीषचं पेन अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्याने मागितलं नाही, मी दिलं नाही.